हवामानसाहेबांच्या कचेरीतल्या ड्रॉवरबाई

कालव्यावरच्या दुसऱ्या पुलाशी मावशी थांबली, कठड्याला टेकली आणि चपलेचा पट्टा उगाचच सैल करून पुन्हा आवळू लागली. घरून निघून पाऊण तास झाला होता आणि एवढ्यात हा पट्टा तिनं तिसऱ्यांदा आवळला होता.

"पाय दुखतायत का?" भाचीनं विचारलं. "मागून बस येतेय बघ. तीन थांबे, की आलंच."

"बसमध्ये बसलं की माणूस पोचतो," मावशी म्हणाली. "मला इतक्यात पोचायचं नाहीये."

बस आली, दोन शाळकरी मुलींना घेऊन निघून गेली. मावशीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शहात्तर वर्षांची, अंगानं काटकुळी, पाठीनं ताठ. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत एक सरकारी लिफाफा. पिशवी तिनं खांद्याला न लावता छातीशी धरली होती, जशी लहानपणी पाटी धरतात तशी. जायचं होतं कालव्यापलीकडच्या चष्म्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एका ऐंशी वर्षांच्या माणसाकडे. त्याला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला मावशीला पन्नास वर्षं लागली होती.

"तुला आधी सांगते," पूल उतरताना ती म्हणाली. "तिथं गेल्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटली, तर निदान तुला ठाऊक असू दे मी कशाला आलेय ते."

भाची नुसती शेजारून चालत राहिली. मावशी बोलायला लागली की मध्ये तोंड घालायचं नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं. अर्थात मावशी आपल्या नोकरीबद्दल कधी बोललीच नव्हती. सगळ्या घराला एवढंच माहीत होतं की ती वजनमापं खात्यात कारकून होती आणि तिथूनच निवृत्त झाली. भाचीचे वडील तर किराणा आणला की चेष्टेनं म्हणायचे, "मेहुणीबाईंना बोलवा, किलोत किती छटाक कमी आहेत ते विचारू." मावशी हसायची आणि खरंच पिशवी हातात धरून सांगायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

वजनमापं खात्यात ती होती, हे खोटं नव्हतं. पण फक्त पहिली दोन वर्षं.

*

जुनी राजवट जाऊन देशात पहिली निवडणूक झाली त्या वर्षाची गोष्ट. लोकांनी निवडून दिलेलं सरकार खुर्चीत बसून सहा महिनेही झाले नव्हते, तोच उत्तरेच्या सीमेवर शेजारच्या देशानं फौज आणून ठेवली. आपल्या सरकारला हे कळलं कुठून? तर तिसऱ्याच एका देशातल्या वर्तमानपत्रातून. आपल्या परसदारी कोण उभं आहे हे परगावच्या पेपरात वाचायची पाळी आली. सभागृहात आरडाओरडा झाला आणि ठरलं, की देशाबाहेरून काय येतंय ते वेळेत कळवणारी एक कचेरी हवी.

पण लोक धास्तावले. जुन्या राजवटीकडे अशीच एक कचेरी होती आणि तिनं बाहेरच्यांपेक्षा घरच्यांवरच डोळा ठेवला होता. कोण कुणाकडे चहाला जातो, कुणाच्या घरी कुठलं पुस्तक आहे, असल्या चौकशांनी तिची कपाटं भरली होती. म्हणून नव्या कायद्याचं पहिलंच कलम असं लिहिलं गेलं: कुणी काय बोलतो, कुणाला मत देतो, कुठल्या देवाला हात जोडतो, याचा कागद ही कचेरी ठेवणार नाही.

आता प्रमुख कुणाला करायचं? पोलिसातला नको, फौजेतला नको. शोधता शोधता हवामान खात्यातला एक माणूस सापडला. तीस वर्षं गावोगावच्या निरीक्षकांच्या तारा वाचून उद्याचा अंदाज सांगणारा. बातमी आल्यावर गावभर हसू झालं. मावशीच्या नवऱ्यानं (तो छापखान्यात खिळे जुळवायचा) घरी येऊन सांगितलं, "उद्या पाऊस पडेल का हे ज्याला सांगता येत नाही, तो म्हणे शत्रू येईल का ते सांगणार! छत्री आणि तलवार दोन्ही घेऊन ठेव."

हवामानसाहेबांना जागा मिळाली ती वजनमापं खात्याच्या माथ्यावर. दोन खोल्या, एक मोरी आणि गॅलरीत मोडक्या तराजूंचा ढीग. माणसं सात. सातवी मावशी. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि खाली नोंदवह्या भरत होती. साहेबांनी खालच्या मोठ्या कारकुनाला विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात स्वच्छ अक्षर कुणाचं? आणि सगळ्यात कमी बोलतं कोण?" दोन्हींचं उत्तर एकच निघालं.

"शपथ घ्यायला लावली," मावशी सांगत होती. "घरी सांगायचं नाही, दारी सांगायचं नाही. मी म्हटलं, साहेब, नवऱ्याला काय सांगू? म्हणाले, खरं तेच सांगा. कपाटं लावते म्हणून सांगा."

"मग काकांनी विचारलं नाही?"

"एकदा विचारलं. मी म्हटलं, कपाटं लावते. ते म्हणाले, घरातलं एक लाव की मग! पुन्हा नाही विचारलं. देवमाणूस होता तुझा काका. अख्खं आयुष्य मी त्याच्यासमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आणि त्यानं एकदासुद्धा म्हटलं नाही, की थुंक बाई ती."

साहेबांची कामाची रीत हवामान खात्यातली. प्रत्येक बातमीचं एक कार्ड. कार्डावर तीन रकाने: काय पाहिलं, कुणी पाहिलं, खात्री किती. खात्रीला एक ते पाच आकडे. पाच म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी आणि दोनदा पाहिलेलं. एक म्हणजे कुणीतरी म्हणालं. साहेब म्हणायचे, "आभाळ आलंय हे एक, आणि पाऊस पडेल हे दुसरं. पहिलं निरीक्षकाचं, दुसरं माझं. दोन्हींची सरमिसळ केलीत तर सुतावरून स्वर्ग गाठाल." कार्डं लाकडी ड्रॉवरमध्ये उभी लावायची. ते काम मावशीचं. म्हणून तिचं नाव पडलं ड्रॉवरबाई.

*

पलीकडच्या काठाला गोदामं होती. बंद दारांपुढे एक म्हातारा कबुतरांना दाणे टाकत होता. त्या वाटेनं जाताना मावशीचा वेग आणखी कमी झाला.

"आता माझं काय चुकलं ते ऐक," ती म्हणाली. "नीट ऐक, कारण नीट ऐकलं नाही तर क्षुल्लक वाटेल."

जुन्या राजवटीच्या पोलिसांची कार्डं पोत्यांत भरून साहेबांच्या दारात आणून टाकली होती. अकरा हजार. हुकूम असा, की बहुतेक सगळी नष्ट करायची. पण बंदर, सीमा, दारूगोळा असल्या बाबींची जी असतील, तेवढी नव्या कार्डांवर उतरवून ठेवायची. उतरवायला कोण? ड्रॉवरबाई. जुन्या कार्डांवर काय पाहिलं हे लांबलचक लिहिलेलं असायचं. पण कुणी पाहिलं, ही जागा पुष्कळदा कोरी.

आणि मावशीला कोरी जागा सोसायची नाही. खाली वजनमापं खात्यात दोन वर्षं तिच्या डोक्यात एकच बसवलं होतं: रिकामा रकाना म्हणजे चोराला उघडं दार. दुकानांच्या तपासणीच्या वहीत एक जरी घर मोकळं राहिलं, तरी नंतर कुणी त्यात काहीही लिहू शकतो. म्हणून लिहायला काही नसलं तर दोन आडव्या छोट्या रेघा ओढायच्या. वहीत त्या रेघांचा अर्थ 'वरीलप्रमाणे'. वरच्या दुकानाचं जे, तेच खालच्याचं. त्या वहीत ओळीखाली ओळ असायची, तेव्हा ते चालून जायचं.

नव्या कार्डावर मावशीनं रिकामा रकाना पाहिला की हात तेच करायचा. दोन रेघा. पण कार्डाला वरची ओळ कुठली? कार्ड एकटं असतं. ड्रॉवरमध्ये मात्र त्याच्या आधी दुसरं एक कार्ड उभं असतं.

"तो माणूस पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा," मावशी म्हणाली. "सत्तावीस वर्षांचा. हुशार. जुन्या कार्डावर त्याच्याबद्दल एकच ओळ होती. बंदराचे नकाशे रात्रंदिवस घरी बसून काढतो. कुणी पाहिलं? कोरं. मी दोन रेघा ओढल्या आणि पुढचं कार्ड घेतलं."

नकाशेवाल्याच्या कार्डाआधी त्या ड्रॉवरमध्ये जे कार्ड होतं, ते एका भलत्याच माणसाचं. त्याची बातमी दिली होती जहाजांना वाट दाखवत बंदरात आणणाऱ्या वाटाड्यानं. पक्का माणूस, खात्री चार. त्याच वर्षी नकाशेवाल्याला परदेशात धरणं बांधायचं शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. त्यानं पासपोर्टसाठी अर्ज केला. पासपोर्ट कचेरीनं साहेबांच्या कचेरीला विचारलं, या माणसाचं काही आहे का? पलीकडच्या खोलीतल्या कारकुनानं ड्रॉवर उघडला, दोन रेघा पाहिल्या, 'वरीलप्रमाणे' वाचलं, आधीचं कार्ड बघितलं आणि टाइप केलं: बंदराचे नकाशे घरी काढतो, बंदराच्या वाटाड्यानं पाहिलं, खात्री चार.

कोऱ्या जागेला सोन्यासारखा साक्षीदार मिळाला. पासपोर्ट नाकारला. कारण देता येत नाही, असं कळवलं. शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली.

"आणि ते नकाशे?" भाचीनं विचारलं.

"बंदर खात्यानंच दिलेले. गटारांचे. कचेरीत उजेड नव्हता म्हणून घरी खिडकीशी बसून काढायचा. शेजाऱ्यानं पाहिलं असेल आणि केला राईचा पर्वत."

हे मावशीला कळलं तीन वर्षांनी. कायद्यात असं होतं, की सभागृहातल्या पाच सभासदांनी वर्षातून एकदा कचेरीत यायचं आणि हवी ती कार्डं स्वतःच्या हातानं काढून पाहायची. पहिली दोन वर्षं ते आले, चहा प्यायले आणि गेले. तिसऱ्या वर्षी त्यांच्यात एक नव्या बाई आल्या. निवडून यायच्या आधी वीस वर्षं सुईण होत्या. चहाचा कप बाजूला सारून त्या सरळ ड्रॉवरपाशी आल्या, मधलंच एक कार्ड उपसलं आणि डोळ्यांशी धरलं.

"ह्या दोन रेघा कसल्या गं?"

"वरीलप्रमाणे," मावशी म्हणाली.

सुईणबाईंनी कार्ड उलटंसुलटं केलं. मग मान वर करून पाहिलं. "वर तर छत आहे, बाई."

सगळे हसले. मावशीही हसली. आणि हसता हसताच तिनं त्याच्या आधीचं कार्ड उपसून पाहिलं.

पुढचे एकोणीस दिवस तिनं सगळे ड्रॉवर पालथे घातले. दोन रेघांची कार्डं निघाली दोनशे चौदा. दोनशे तेरांबद्दल कुणी कधी विचारलंच नव्हतं. एकाबद्दल विचारलं होतं. ते कार्ड घेऊन ती साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली.

साहेबांनी ते कार्ड दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मी तीस वर्षं चुकीचे अंदाज दिले, बाई. पण दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला कळायचं. भाजीवालीसुद्धा मला टोमणा मारायची. इथं आपण चुकलो तर कुणाला कळतच नाही. मला शत्रूपेक्षा ह्याची भीती वाटते." आणि ते तिला घेऊन त्या पाच सभासदांपुढे गेले.

सभासदांनी ठराव केला. एकाही कार्डानं दुसऱ्या कार्डाच्या खांद्यावर उभं राहायचं नाही. ज्याला स्वतःचा साक्षीदार नाही, ते कार्ड फाडायचं. तो नियम आजही त्या कचेरीत आहे आणि नव्या पोरींना पहिल्या दिवशी तोच शिकवतात. पासपोर्ट कचेरीला कळवलं, हरकत उरली नाही. पण ज्याचं नुकसान झालं, त्याला सांगायचं का? कायद्यानं कार्डं गुप्त. सुईणबाई म्हणाल्या, "माझ्या हातून बाळाला इजा झाली तर मी आईला सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हते." त्यांच्या बाजूनं दोन मतं पडली, विरुद्ध तीन. सांगायचं नाही, असं ठरलं.

"आणि तो?"

"त्यानं पुन्हा अर्जच केला नाही. कशाला करेल? खात्यातली नोकरी सोडली आणि नकाशे काढून द्यायचं दुकान टाकलं." मावशीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी जायचे तिथे."

"तू?"

"आमच्या घराचा नकाशा काढून घेतला. तीनदा."

"मावशी, तुझ्या घराला खोल्या दोन!"

"म्हणून तर तीनदा. आणखी काय काढून घेणार?"

भाचीला हसू आवरेना. मावशी मात्र हसली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, असं तिनं वर्षानुवर्षं केलं होतं. निवृत्त झाल्यावर तिनं कचेरीला अर्ज केला, त्या माणसाला सांगायची परवानगी द्या. उत्तर नाही. दोन वर्षांनी पुन्हा केला, नकार आला. जुन्या फायली खुल्या करायचा कायदा झाला तेव्हा वाटलं, आता तो स्वतःच जाऊन बघेल. पण त्याचं कार्ड तर फाडलेलं. तो गेला असता तर त्याला लिहून मिळालं असतं: आपल्या नावे कागद आढळत नाही. आता ही हकीगत एकट्या मावशीच्या डोक्यात उरली होती. साहेब गेले, सुईणबाई गेल्या, पलीकडच्या खोलीतला कारकूनही गेला. रोज सकाळी हात जोडताना ती देवाला एकच सांगायची, त्याच्या आधी मला नेऊ नकोस. तिसऱ्या अर्जाचं उत्तर अकरा महिन्यांनी आलं. तेच पिशवीत होतं.

*

चष्म्यांच्या दुकानात एक पन्नाशीची बाई काचा पुसत बसली होती. ती त्याची मुलगी. "बाबा वर आहेत," ती म्हणाली. "काम करतायत. म्हणजे करतायत असं म्हणायचं. तुम्ही कोण म्हणून सांगू?"

"गिऱ्हाईक," मावशी म्हणाली. "जुनं."

जिना चढून गेल्यावर खिडकीशी उतरत्या फळीचं मेज दिसलं. त्यावर कागद ताणून बसवलेला आणि मागे एक मोठ्या कानांचा, पातळ पांढऱ्या केसांचा माणूस. त्यानं मावशीकडे पाहिलं, भिंग उचललं आणि पुन्हा पाहिलं.

"अहो, तुम्ही दोन खोल्यांच्या बाई! काय, तिसरी खोली बांधली की काय शेवटी?"

मावशीचा चेहरा उतरला. भाचीनं तिला खुर्ची ओढून दिली. मग मावशीनं पिशवी मांडीवर ठेवली, दोन्ही हात पिशवीवर ठेवले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोती, कोरे रकाने, दोन रेघा, वाटाड्या, पासपोर्ट. जीभ टाळ्याला चिकटली नाही. शेवटी ती म्हणाली, "त्या रेघा माझ्या हातच्या होत्या. तुमच्याविरुद्ध कधीच काही नव्हतं. तुम्ही निर्दोष होतात."

नकाशेवाल्यानं एक पेन्सिल घेतली आणि पात्यानं तिला टोक काढू लागला. टोक झालं तरी तो तासतच राहिला.

"मी निर्दोष होतो, हे तुम्ही मला सांगायला आलात?" तो म्हणाला. "बाई, ते मला माहीतच होतं की."

 खालून मुलगी गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला सांगत होती, ते ऐकू येत होतं.

"माझी शिष्यवृत्ती ज्याला मिळाली, तो धरण बांधायला शिकून आला," तो पुढे म्हणाला. "ह्या गावाचं पाणी त्यानंच बांधलेल्या धरणातून येतं. चांगलं पाणी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माफीबिफीचं म्हणाल तर ते देवावर सोडू, तो आपल्या दोघांपेक्षा निवांत आहे. पण एक सांगा. तुम्ही माझ्या भावाकडे गेलात का?"

"भावाकडे?"

"धाकटा. आरमारात होता. माझा पासपोर्ट नाकारला तेव्हा त्याची बढती जवळ आली होती. त्याला बोलावून विचारलं म्हणे, तुझ्या भावाचं काय प्रकरण आहे? तो सुट्टी टाकून घरी आला आणि ह्याच जिन्यात उभं राहून मला म्हणाला, दादा, काय विकलंस ते खरं सांग. मी म्हटलं, काही नाही रे. तो म्हणाला, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. सरकार आता आपलं आहे, ते उगाच कुणाला अडवणार नाही." नकाशेवाल्यानं पेन्सिल खाली ठेवली. "ती जुनी राजवट असती ना, तर त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला असता. आपल्या माणसांचं सरकार होतं, म्हणून ठेवला नाही. वडील गेले तेव्हा आला, खांदा दिला, माझ्याशी बोलला नाही. पन्नास वर्षं झाली. दक्षिणेच्या बंदरात असतो, इथून एक दिवसाचा प्रवास. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याचं हृदय अधू झालंय असं कुणीतरी सांगितलं. मला सांगून काय उपयोग, बाई? त्याला सांगा."

मावशीनं लिफाफा उघडला आणि पत्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं भिंग लावून वाचलं. सदर माहिती फक्त संबंधित व्यक्तीस, फक्त तोंडी देण्यास परवानगी आहे. अन्य कोणासही देता येणार नाही.

त्यानं पुन्हा वाचलं आणि मग मोठ्यानं हसला. इतका, की खालून मुलगी ओरडली, "बाबा, काय झालं?"

"काही नाही गं! मी निर्दोष आहे, पण कुणाला सांगायचं नाही!" हसता हसता त्यानं डोळे पुसले. मग पत्राची नीट घडी करून मावशीच्या हातात दिली. "जा तुम्ही. आलात, बरं केलंत. पायऱ्या उतरताना सांभाळा, तिसरी हलते."

*

कालव्याच्या कठड्यावर मावशी बसली. बसवाले थांबून विचारत होते, ती मान हलवत होती. भाचीला वाटलं, दमली असेल, पाणी आणावं. मावशीनं तिचा हात धरून खाली बसवलं.

"पुन्हा अर्ज करू या ना," भाची म्हणाली. "भावासाठी म्हणून. मी लिहिते."

"अकरा महिने लागतात उत्तराला. आलं तर." मावशीनं पाण्याकडे पाहिलं. "चौऱ्याहत्तर वर्षांचा, अधू हृदयाचा माणूस. तू अर्ज करशील आणि निरोप पोचेल तो त्याच्या मुलाच्या हातात."

"पण शपथ? तुझी पेन्शन बंद केली तर?"

"तर तुझ्याकडे येऊन जेवीन. फार नाही खात मी." तिनं पिशवी मांडीवर सरकवली. "सुईणबाई कार्ड उपसायला आल्या नसत्या, तर मी त्या रेघा आजपर्यंत ओढत बसले असते. त्यांना लोकांनी पाठवलं होतं, विचारायला. ते चांगलं केलं लोकांनी. मलाही बोलवू देत, विचारू देत, का सांगितलंस म्हणून. मी सांगेन."

कालव्यातून वाळूची एक होडी गेली. ती पुलाखालून पार होईपर्यंत मावशी तिच्याकडे बघत राहिली.

"तू शपथ घेतलेली नाहीस," मग ती म्हणाली. "आणि तू सगळं ऐकलंयस, माझं आणि त्याचंही. तुला लिहिता येतं, पेपरात छापून येतं तुझं. आज घरी गेल्यावर हे सगळं लिहून काढ आणि त्याच्या भावाला पाठव. पत्ता चष्म्यांच्या दुकानातल्या त्या मुलीकडून घे. खाली माझं नाव घाल, मी सही करते. आणि एक ऐक. मला त्यात बिचारी करू नकोस. काम फार होतं, वय लहान होतं, असलं काही घालू नकोस. घातलंस तर वाचणारा माझीच कीव करत बसेल, आणि आपल्या दादाकडे जायचं त्याच्या डोक्यातून निघून जाईल. तेवढं माझं ऐकशील?"